वासावर उतरवलेला केक

बाईंना माझं नाव माहीत होतं का, हे मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. दीड वर्ष दर शनिवारी दुपारी मी त्यांच्या नारायण पेठेतल्या घरी केक शिकायला जात होते, आणि दीड वर्ष त्यांनी मला "अहो येरवडा" अशीच हाक मारली. विद्यार्थिनी जिथून येते तेच तिचं नाव, असा त्यांचा खाक्या होता. आमच्या तुकडीत एक कोथरूड होती, एक सदाशिव होती आणि लोणी काळभोरहून दोन बस बदलून येणारी एक लोणी होती. सदाशिव पेठेतली ती बिचारी चांगली पस्तिशीची, दोन मुलांची आई. पण "अहो सदाशिव, पदर आवरा, पिठात चाललाय" हे तिला मुकाट्याने ऐकून घ्यावं लागे. माझी अवस्था तर त्याहून वाईट. मनपाच्या थांब्यावर बसमधून उतरून, नवा पूल ओलांडून धापा टाकत पोचायला पाच मिनिटं उशीर झाला की बाई दार उघडून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि विचारायच्या, "काय, आज उशिरा सोडलं का?"

येरवड्याला तुरुंगाशिवायही बरंच काही आहे, हे मी त्यांना सुरुवातीला दोनदा सांगून पाहिलं. "असेल," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

साठी ओलांडलेल्या, उंच, काटकुळ्या बाई. सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. घरात, स्वयंपाकघरात, बूट! मी पहिल्याच दिवशी त्याबद्दल विचारलं. मी चौकस आहे. आमच्या घरी याला भोचक म्हणतात. बाई म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडले. पुन्हा पडायची हौस नाही." आणि मग सगळ्यांकडे वळून त्यांनी क्लासचा एकमेव नियम सांगितला. "या घरात कुणी पडायचं नाही, भाजून घ्यायचं नाही, रडायचंसुद्धा नाही. माझा मुलगा मला नागपूरला न्यायला टपून बसलाय. आणखी एकदा काही झालं की क्लास बंद आणि मी त्याच्या सोफ्यावर. कळलं?"

आम्हाला कळलं. मुलाचा फोनही आम्हाला पाठ झाला, कारण तो बरोबर क्लासच्या वेळी यायचा. पलीकडचा प्रश्न ऐकू येत नसे, पण तो काय असणार हे उत्तरावरून समजे. "बरी आहे," एवढं बोलून बाई रिसीव्हर खाली ठेवत आणि मैदा चाळायला लागत.

त्यांची शिकवण्याची पद्धत मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. तेव्हा गल्लोगल्ली केकचे क्लास निघाले होते आणि सगळीकडे सायक्लोस्टाइल केलेले कागद वाटायचे: इतके कप, इतकी मिनिटं. बाई कागद देत नसत. गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, झाकणाला छोटीशी काच. तो एकदा लावला की त्या त्याच्याकडे चक्क पाठ करून उभ्या राहायच्या. घड्याळ बघायला बंदी. "घड्याळ भिंतीवर असतं, केक आत असतो." मग दर थोड्या वेळाने एकेकीला पुढे बोलवायचं. ओव्हनजवळ वाकायचं, नाकाने एक लांब श्वास घ्यायचा आणि वास सांगायचा.

"छान येतोय बाई," असं पहिल्या दिवशी कोथरूड म्हणाली.

"छान हा वास नाही, ते तुमचं मत आहे. मत नको. कशासारखा येतोय ते सांगा."

मग आम्ही शोधायला लागलो. ओल्या कणकेसारखा. तापलेल्या दुधासारखा. लोखंडी कढईत रवा भाजत आला की येतो तसा. आणि शेवटी एके दिवशी सदाशिवला एकदम सुचलं, "बाई, बेकरीत खारीचा डबा उघडल्यावर येतो ना, तो!" बाईंनी गर्रकन वळून ओव्हनचं बटण बंद केलं. केक इतका नेमका झाला होता की सुरी घातली तर कोरडी बाहेर आली. त्या दिवसापासून आमच्यात केक "खारीला" उतरवतात. माझ्याकडे आता काचेच्या दाराचा, आपोआप बंद होणारा ओव्हन आहे, पण मी अजूनही त्याच्यासमोर नाक खुपसून बसते आणि घरचे हसतात.

वासाच्या बाबतीत बाई फार कडक होत्या. अंदाजाने सांगितलेलं त्यांना चालत नसे. एकदा कोथरूडने उगाच ठोकून दिलं, "रवा भाजल्यासारखा," आणि केक मधोमध बसला. बाईंनी तिला काही बोल लावला नाही. तो चिकट गोळा तिच्यापुढे ठेवून एवढंच म्हणाल्या, "चुकीचा वास सांगण्यापेक्षा 'कळत नाही' म्हणावं. त्याने केक वाचतो."

बाईंचा हातखंडा म्हणजे स्ट्रॉबेरीचा केक. त्याला त्या "सोपा केक" म्हणत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मंडईत पुठ्ठ्याच्या खोक्यांतून यायला लागली की सलग आठ आठवडे दुसरं काही नाही. कोथरूडकडे एक परदेशी मासिक होतं, त्यात याच केकला क्रीम चीज लागतं असं लिहिलेलं होतं. पुण्यात तेव्हा क्रीम चीज आणायचं कुठून? बाईंनी मासिक हातात न घेताच निकाल दिला. "म्हणजे इंग्रजी चक्का. आपला बांधा." रात्रभर टांगलेल्या दह्याचा घट्ट चक्का, त्यात पिठीसाखर आणि साय घोटून घ्यायची, ते मिश्रण साध्या केकच्या थरावर पसरायचं, वर स्ट्रॉबेरीचा पाक आणि अर्ध्या कापलेल्या फोडी. खरंच सोपा. इतका सोपा, की आठ आठवडे तोच का, असा प्रश्न कुणालाही पडावा. मला तर पडणारच.

आणखीही बऱ्याच गोष्टींची मी मनातल्या मनात नोंद करत होते. बाई गॅस कधी स्वतः पेटवत नसत. "अहो लोणी, जरा पेटवा" असंच असायचं. स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या भर जानेवारीतसुद्धा सताड उघड्या. दूध तापत ठेवलं की स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायच्या, ते वर येईपर्यंत नजर हलायची नाही. आणि फडताळातल्या एकूण एक बरणीवर चिठ्ठी. हळदीवर, तिखटावर असेल एक वेळ. पण हिंगाच्या डबीवर "हिंग" असं लिहून ठेवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. हिंगाला चिठ्ठी लागते का? तो दार उघडायच्या आधी ओळख सांगतो.

मग तो चक्क्याचा शनिवार आला. प्रत्येकीने घरून चक्का बांधून आणायचा होता. लोणीच्या घरी चार म्हशी. तिचा चक्का केवढा तरी मोठा, लोण्यासारखा मऊ. तिने डबा उघडला आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास पसरला. झालं असं होतं की बाईंच्या क्लासला न्यायचा चक्का म्हणून तिने घरातलं रोजचं फडकं वापरलंच नव्हतं. सासऱ्यांचं ठेवणीतलं, एकदाही न नेसलेलं मऊसूत धोतर ट्रंकेतून काढून त्याचा तुकडा फाडला होता. मान म्हणून! आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्या सगळ्या चक्क्यात उतरल्या होत्या. तिला स्वतःला बसमध्येच कळलं असावं, कारण ती मान खाली घालून उभी होती.

बाई डब्यावर वाकल्या, नाकाने लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "वा. अगदी ताजा आहे. घाला."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मग खो खो हसत सुटल्या. बाईंचा खवचटपणा आम्ही ओळखून होतो. नारायण पेठेत कुणी तोंडावर "वा" म्हटलं की सावध व्हायचं असतं, हे कोथरूडलाही एव्हाना कळलं होतं. लोणीसुद्धा हसली. "बाई, चेष्टा करू नका ना. धोतराला डांबरगोळ्यांचा वास हाय. मला नव्हतं माहीत."

बाईही हसल्या. पण त्या थोड्या उशिरा हसल्या. आधी त्यांनी आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, मग हसल्या. मी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

पुढच्या शनिवारी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. व्हॅनिलाच्या एका रिकाम्या बाटलीत मी घरून गुलाबपाणी भरून नेलं आणि बाईंच्या पुढे धरलं. "बाई, हा इसेन्स जुना झालाय का हो?" बाईंनी बाटली नाकाशी नेली. "ठीक आहे. चालेल," म्हणाल्या आणि मला परत दिली.

क्लास सुटला. मी चपला घालत होते तेव्हा आतून हाक आली. "अहो येरवडा, तुम्ही थांबा."

बाकीच्या जिना उतरून गेल्या. बाई स्टुलावर बसल्या होत्या. "काय होतं बाटलीत?"

"गुलाबपाणी." मी म्हटलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"वास घ्यायला दिलेल्या वस्तूकडे माणूस बघतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी सरळ सांगून टाकलं. न्हाणीघरात पडल्या तेव्हा डोकं मागून आपटलं होतं. जखम भरली, टाके निघाले, आणि एका सकाळी चहाचा कप तोंडाशी नेला तर कपात नुसतं गरम पाणी असावं तसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. "नाही आला," बाई म्हणाल्या. "आणि वास गेला की चवही जाते, हे मला ठाऊक नव्हतं. गोड, खारट, कडू, आंबट एवढंच कळतं. तुमचा तो व्हॅनिलाचा केक मला गोड कापूस लागतो."

"मग स्ट्रॉबेरीचा?"

"तो आंबट असतो. चक्का आंबट, फळ आंबट, वर साखर. तेवढा एक केक खाताना मला तोंडात काहीतरी आहे असं वाटतं." आठ आठवड्यांचं कोडं असं सुटलं, आणि सुटल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

मी विचारलं, मग तुम्ही शिकवता कशा? "तुम्ही सांगता ना वास. त्यावर शिकवते," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? पूर्वी मी कुणाला ओव्हनच्या आसपास फिरकू देत नव्हते. स्वतः हुंगायचे आणि 'झाला' म्हणायचे. बायका माना डोलवायच्या आणि घरी जाऊन करपवायच्या. नाक गेल्यावरच मला शिकवता यायला लागलं." मग त्यांनी माझा हात धरला. एरवी त्या कुणाला हात लावत नसत. "पण हे नागपूरला कळता कामा नये. गॅसचा वास न येणारी आई एकटी राहते म्हटल्यावर तो मला एक दिवस इथे ठेवणार नाही. आणि मला तिथे जायचं नाही. इथे मी कुणीतरी आहे."

मी शब्द दिला. घरी जाताना पुलावर मला एकदम केवढी मोठी झाल्यासारखं वाटत होतं. बाईंचं गुपित जगात फक्त मला माहीत होतं.

महिन्याभराने मुलगा आला. कामासाठी पुण्याला आला होता, शनिवारी दुपारी आईकडे थांबला. चाळिशीचा, मवाळ, चष्मेवाला. बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसला. "आई, किती गार वारा घेतेस," म्हणत त्याने आल्या आल्या स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. बाईंनी हरकत घेतली नाही. कशी घेणार? त्या दिवशी त्यांनी गॅसही स्वतः पेटवला. मुलाच्या देखत त्यांना सगळं स्वतः करायचं होतं. स्ट्रॉबेरीचा पाक मंद आचेवर ठेवून त्या आम्हाला मधल्या खोलीत घेऊन आल्या आणि केकवर चक्का कसा पसरायचा ते दाखवू लागल्या.

दाखवण्यात रंगल्या आणि पाकाचा विसर पडला. तो उतू गेला, ज्योत विझली. बाईंना एकदम आठवलं, तशा त्या उठून आत गेल्या. आम्ही मागोमाग. दारातच माझ्या नाकात गॅस शिरला. बाई शेगडीपाशी उभ्या होत्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की ज्योत विझली आहे. त्यांनी लायटर उचलला.

"बाई!" मी दारातूनच ओरडले. लोणी मला ढकलून पुढे गेली, तिने बाईंचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने बटण फिरवलं. सदाशिवने धडाधड खिडक्या उघडल्या. कोथरूडने खाली वाकून सिलिंडर बंद केला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

मुलगा दारात आला होता. पांढराफटक. "आई, एवढा वास मारतोय! तुला आला नाही?"

बाई काही बोलायच्या आत लोणी बोलली. "आला की. बाईच म्हणाल्या बंद करा म्हणून. त्यांनीच सांगितलं, म्हणून तर मी धावले. लायटर आपला हातात तसाच ऱ्हायला त्यांच्या."

"हो ना," सदाशिव म्हणाली. "बाईंचं नाक म्हणजे काय!"

"आम्हाला तर आधी कळलंच नाही," कोथरूड म्हणाली.

मी त्या तिघींकडे बघतच राहिले. तिघींनाही माहीत होतं. कधीपासून, कोण जाणे. डांबरगोळ्यांच्या दिवशी त्या हसल्या होत्या त्या खरोखर चेष्टा समजून की बाईंना सांभाळून घेण्यासाठी, हे मी पुढे लोणीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही लई शिकलेल्या, म्हणून तुम्हाला उशिरा कळलं." चौकस म्हणवणारी मी तुकडीत सगळ्यात शेवटची होते.

बाईंनी लायटर ओट्यावर ठेवला. मुलगा जवळजवळ फसला होता. त्याचा चेहरा सैल पडायला लागला होता. नुसतं गप्प राहायचं होतं बाईंनी, आणि सगळं होतं तसं चाललं असतं.

"खोटं सांगू नका," त्या लोणीला म्हणाल्या, पण रागावून नाही. मग मुलाकडे वळल्या. "मला वास येत नाही. पडले तेव्हापासून. ह्या सगळ्यांना आज मी उडवून दिलं असतं."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. त्याच संध्याकाळी सिलिंडर घरातून गेला. जाऊ द्या असं बाई स्वतःच म्हणाल्या. त्याऐवजी विजेची शेगडी आली, आणि क्लास आणखी कितीतरी वर्षं त्याच घरात चालला. नागपूरला त्या फक्त दिवाळीला जायच्या. पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. त्या दुपारी मुलगा ओट्याला टेकून उभा होता, आणि बाई आता सगळं संपलं अशा चेहऱ्याने स्टुलावर बसल्या होत्या. आम्ही चौघी मागे सरून मधल्या खोलीत चक्क्याच्या वाडग्याभोवती उभ्या. जावं की थांबावं ते कळत नव्हतं, आणि मधलं दार सताड उघडं होतं.

"चार वर्षं," तो म्हणाला. "मी दर आठवड्याला फोन करतो. मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारतोस, बरी आहेस ना. त्याला 'हो' सोडून दुसरं काय म्हणायचं असतं?"

मी वाट बघत होते, आता म्हणेल, बॅग भर. पण त्याने चष्मा काढून पुसला आणि विचारायला सुरुवात केली. एकेक करून. फोडणीचा येतो का? नाही. चहाचा? नाही. जळल्याचा? नाही. पावसाचा? "नाही रे. पाऊस दिसतो," बाई म्हणाल्या. त्या उत्तरं देत गेल्या, आणि मला वाटतं त्यांना हळूहळू ती द्यायला बरं वाटत होतं. इतके प्रश्न त्यांना कुणी विचारलेच नव्हते. मी बाटलीत गुलाबपाणी भरून नेलं होतं, पण हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मग तो थांबला. त्याची मुलगी, बाईंची एकुलती एक नात, तेव्हा दोन वर्षांची होती. तो हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे छोटीचा..."

"बारशाला आले होते ना," बाई म्हणाल्या. "तिला मांडीवर दिलीत. मी टाळूला नाक लावलं. तुझ्या सासूबाई बघत होत्या, सगळ्या बायका बघत होत्या. मी म्हणाले, किती गोड वास येतो बाई बाळाचा." त्यांनी पदर तोंडाशी नेला. त्या घरात रडायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला होता, आणि तो मोडला जाताना आम्ही चौघींनी पाहिला. "काही आलं नव्हतं रे. काहीच नाही. तिचा वास मला माहीतच नाही."

मुलगा स्वयंपाकघरातल्या फरशीवर, सांडलेल्या लाल पाकाशेजारी, आईच्या पायांजवळ बसला.

"अजूनही येतो तिच्या डोक्याला," तो म्हणाला. "तेलासारखा. म्हणजे तेलाचा नाही. आंघोळ घालून तिला उन्हात धरलं की मग... दुधासारखाही नाही." तो अडला. "थांब आई. नीट सांगतो."

बाईंनी डोळे मिटून घेतले.